सही करणारा हात

मुंबई-आग्रा महामार्गालगत आमचे गाव. ओझरहून उडालेली लढाऊ विमाने अधूनमधून आमच्या शाळेवरून जातात. आवाज ज्या दिशेने येतो तिथे विमान नसते, ते पुढे निघून गेलेले असते, हे आमच्या पाचवीतल्या मुलांनाही ठाऊक आहे. विमान दिसले की मुले विचारतात, "टीचर, हे कोण चालवतं?" इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न आम्ही किती वेळा ऐकला याची गणती नाही. पण दहावीतल्या एका मुलीने एकदा वेगळेच विचारले, "हे बिघडलं तर कोण बघतं?"

तिच्या अब्बांचे महामार्गावर ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे. बिघडलेल्या गाड्या दारात उभ्या असलेल्या बघतच ती लहानाची मोठी झाली, त्यामुळे तिला हा प्रश्न सुचणे साहजिक होते. आम्ही भाषा शिकवणारी माणसे, उर्दू आणि मराठी. इंजिनातले आम्हाला काय कळणार? पण शिकवणाऱ्याने "मला नाही माहीत" म्हणून पुस्तक मिटायचे नसते. आम्ही चौकशीला लागलो. शेजारच्या गावात हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले एक चाचा राहतात. त्यांना शाळेत बोलावले. वाचता आले तेवढे वाचले. त्यातून जे समजले आणि त्यावरून आमच्या मनात जे आले, ते या मासिकाच्या घराघरांतल्या वाचकांसमोर ठेवतो आहोत.

हवाई दलात विमान उडवणाऱ्यांची शाखा वेगळी आणि विमान उडण्याजोगे ठेवणाऱ्यांची वेगळी. या दुसऱ्या शाखेला एरोनॉटिकल इंजिनिअरिंग म्हणजे वैमानिकी अभियांत्रिकी शाखा म्हणतात. तिचे दोन भाग. यांत्रिक भागाकडे इंजिन, सांगाडा, चाके, ब्रेक, हायड्रॉलिक अशी कामे येतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या भागाकडे रडार, रेडिओ, दिशादर्शक यंत्रणा येतात. या शाखेतला अधिकारी फ्लाइंग ऑफिसर म्हणून सुरुवात करतो. पुढे फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन अशी पायरी चढत एअर मार्शलच्या हुद्द्यापर्यंत जाता येते. नाव 'फ्लाइंग ऑफिसर' असले तरी हा माणूस विमान उडवत नाही, हे ऐकून आमची मुले खूप हसली होती.

त्याचे काम काय? चाचांनी फळ्यावर तीन रेघा मारल्या. पहिली रेघ धावपट्टीजवळची. विमान उडण्याआधी आणि उतरल्यानंतर होणारी तपासणी, इंधन भरणे, टायर पाहणे, इंधनात पाणी नाही ना याची खात्री करणे. दुसरी रेघ हँगरची. ठराविक तास उडून झाले की विमान आत घ्यायचे, झाकणे उघडायची आणि भाग न् भाग तपासायचा. तिसरी रेघ मोठ्या डेपोची. तिथे विमान जवळजवळ सुटे करतात आणि पुन्हा जोडतात. असा एक डेपो आमच्या हाकेच्या अंतरावर, ओझरला आहे. त्याचे नाव ११ बेस रिपेअर डेपो. मिग-२९ जातीच्या लढाऊ विमानांची मोठी दुरुस्ती तिथे होते. आणि अशा साऱ्या डेपोंचा कारभार पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे. देशभरातल्या लष्करी विमानांच्या देखभालीचे एवढे मोठे काम आपल्या महाराष्ट्रातून चालते, हे आम्हालाही तोवर माहीत नव्हते.

या तिन्ही ठिकाणी पाना प्रत्यक्ष हातात धरणारे तंत्रज्ञ असतात. कोणी इंजिनवाला, कोणी वीजवाला, कोणी शस्त्रवाला. अधिकारी त्यांचा प्रमुख. आज कोणते विमान उडेल, कोणते थांबेल, कोणता सुटा भाग कधी बदलायचा, कोणाला सुट्टी द्यायची, कोणाच्या कामावर पुन्हा नजर टाकायची, हे तो ठरवतो. चाचा म्हणाले, "अफसर नवा असतो, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याच्या हाताखाली वीस वर्षं पाना फिरवलेला माणूस असतो. शहाणा अफसर आधी त्याच्याकडून शिकतो, मग हुकूम देतो." वर्गात शांतता पसरली. गॅरेजवाल्यांची दोन-चार मुले होती, ती ताठ बसली.

प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते. ब्रिटिशांच्या काळापासून तिला 'फॉर्म ७००' म्हणतात. विमानावर जे काही काम झाले ते तिच्यात लिहायचे. कोणी केले, कोणी तपासले, त्यांच्या सह्या घ्यायच्या. उडण्याआधी वैमानिक ती वही वाचतो आणि विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. त्याने इंजिन उघडून पाहिलेले नसते. त्याने पाहिलेली असते ती फक्त सही. त्या सहीवर विश्वास ठेवून तो आभाळात जातो.

हत्यारांचाही हिशेब असतो. फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती काढलेली असते. काम संपल्यावर सगळी हत्यारे आपापल्या आकृतीवर परत आली पाहिजेत. एक आकृती मोकळी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही. कारण आत राहिलेला छोटासा स्क्रू ड्रायव्हर दांड्यात अडकला तर विमान वळायचे थांबेल. धावपट्टीवर पडलेला खडा किंवा तारेचा तुकडा इंजिनात ओढला गेला तर आतली पाती मोडतील. म्हणून हवाई तळावर माणसे रांगेत चालत जमिनीवरचा कचरा वेचतात आणि त्यात अधिकारीही असतात. इंजिनातल्या तेलाचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात कोणत्या धातूचे कण वाढलेत यावरून आत कोणता भाग झिजतो आहे ते कळते. डॉक्टर रक्त तपासून आजार ओळखतात, तसेच हे.

विमान आले तेव्हापासूनच देखभाल करणारा माणूसही आहे. राइट बंधूंचे नाव सर्वांना पाठ असते. १९०३ साली त्यांच्या विमानाचे इंजिन चार्ल्स टेलर नावाच्या त्यांच्या मेस्त्रीने सुमारे सहा आठवड्यांत बनवले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. ते इंजिन होते जेमतेम बारा अश्वशक्तीचे. सायकलच्या दुकानात काम करणारा हा माणूस नसता तर ते उड्डाण कसे झाले असते? आम्ही हे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले. आठवडाभर ते कोणी पुसले नाही.

एक दुसरी गोष्टही आम्ही मुलांना सांगितली. ती लष्करी विमानाची नाही, प्रवासी विमानाची आहे, पण या कामाचे मर्म तिच्यात आहे. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून एक विमान स्पेनमधील मालागाला निघाले. सतरा हजार फुटांवर गेल्यावर वैमानिकासमोरची काच निखळली आणि वैमानिक कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले. सहवैमानिकाने साउदम्प्टनला विमान उतरवले. अल्लाहच्या कृपेने सगळे वाचले, तो वैमानिकही वाचला. चौकशीत काय निघाले? उड्डाणाआधी एका रात्रपाळीत ती काच नवी बसवली होती. तिला ९० बोल्ट होते. त्यांपैकी ८४ बोल्ट व्यासाने किंचित बारीक होते. फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. बसवणारा माणूस आळशी नव्हता. माणसे कमी होती म्हणून पाळीप्रमुखाने स्वतःच काम अंगावर घेतले, आणि बोल्ट निवडताना क्रमांक न पाहता जुन्या बोल्टाशी नजरेने ताडून पाहिला. दुसऱ्या कोणी ते काम तपासले नाही. चांगल्या नियतीचा, अनुभवी, मेहनती माणूस. तरीही एवढे झाले. नियत चांगली असणे पुरत नाही, काम मोजून आणि तपासून करावे लागते, हे मुलांना समजावायला याहून चांगला धडा आम्हाला सापडला नाही.

म्हणूनच अशा कामांत दोन सह्यांची पद्धत आहे. विमान वळवणाऱ्या यंत्रणेसारख्या नाजूक ठिकाणी एकाने काम केले की दुसऱ्याने ते स्वतंत्रपणे तपासायचे. पहिल्यावर अविश्वास म्हणून हे होत नाही. माणूस थकतो, विसरतो, हे मान्य करून ही व्यवस्था केलेली आहे. आपल्या दीनमध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि त्यावर साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. ती ताकीद आपल्याला ठाऊक असते, पण सख्ख्या भावाला पैसे देताना लिहून घ्यायला आपल्याला लाज वाटते. मग पुढे त्याच व्यवहारावरून दोन घरांचे बोलणे बंद होते.

वहीवरची सही म्हणजे काय? आमच्या समजुतीप्रमाणे ती गवाही आहे. 'हे काम झाले, मी पाहिले' अशी साक्ष. आणि खोटी गवाही मोठ्या गुनाहांपैकी एक आहे, हे मदरशात जाणारे लहान मूलही सांगेल. न पाहता केलेली सही, घाईत केलेली सही, वरिष्ठाची मर्जी राखायला केलेली सही, या सगळ्या त्या यादीत बसतात. विमान ही देशाने सोपवलेली अमानत आहे. त्यात बसणारा वैमानिक कोणाचा तरी मुलगा आहे, तीही अमानतच. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तवक्कुलची शिकवण आपण वअजमध्ये कितीदा ऐकतो. देखभालीचा अधिकारी रोज तेच करतो. गाठ बांधतो, ओढून पाहतो, दुसऱ्याला ओढून पाहायला लावतो, आणि मग दुआ करतो.

चाचांना आम्ही विचारले, या नोकरीत सर्वांत अवघड क्षण कोणता? त्यांनी विचार करून सांगितले, "नाही म्हणण्याचा. सगळे तयार असतात, वैमानिक बसलेला असतो, वरून विचारणा होत असते. आणि तुमच्या मनात एका आवाजाबद्दल शंका असते. तेव्हा नाही म्हणायला जिगर लागते."

ती मुलगी हे सारे घरी सांगत राहिली असावी. कारण काही दिवसांनी तिचे अब्बा शाळेत आले. हात धुऊनही नखांत ग्रीसची काळी रेघ राहिली होती. त्यांनी खुर्चीवर बसायला नकार दिला. "टीचर, पोरगी म्हणते बारावीला गणित घेणार, मग इंजिनिअर होणार, मग हवाई दलात जाऊन विमानं दुरुस्त करणार. पाना फिरवायलाच जायचं, तर माझं गॅरेज काय वाईट आहे? आणि ती पोरगी आहे."

या बोलण्यात आम्हाला दोन दुखणी दिसली. एक मुलीबद्दलचे, त्यावर पुढे येतो. दुसरे जास्त खोल आहे. पिढ्यान्पिढ्या आपल्या समाजाने हातांनी कमावून खाल्ले. लोहार, कासार, विणकर, सुतार, गवंडी, फिटर, वायरमन, मोटार मेस्त्री. गावात कोणतीही वस्तू बिघडली की लोक आपल्या मोहल्ल्यात येतात. इतके असूनही मेस्त्री स्वतःच्या कामाला कमी समजतो. मुलाला म्हणतो, "माझ्यासारखा होऊ नकोस." मुलगा मग हाताचे काम सोडतो, पण शिक्षणही पुरे करत नाही, आणि मधेच लटकतो. हातातले कौशल्य आणि पुस्तकातले गणित एकत्र आले तर त्यातून इंजिनिअर घडतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आम्ही त्यांना त्या ९० बोल्टांची गोष्ट सांगितली. ते मध्येच म्हणाले, "नजरेनं ताडला? बोल्ट कधी नजरेनं घेतात का?" इंजिनिअरिंगच्या पदवीशिवाय त्यांना ते समजले होते. आम्ही म्हणालो, "हेच तुमच्या मुलीला तुमच्याकडून मिळालंय. त्याला गणिताची जोड द्यायची आहे, एवढंच." ते काही बोलले नाहीत, पण खुर्चीवर बसले. मग बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. त्यांचे प्रश्न आपल्या अनेक घरांचे असतील, म्हणून उत्तरे इथे देतो.

मार्ग कोणता? दहावीनंतर विज्ञान शाखा, आणि त्यात भौतिकशास्त्र व गणित दोन्ही हवेत. 'गणित जड जाते, सोडून दे' असा सल्ला मुलींना सहज दिला जातो. त्या एका सल्ल्याने किती दारे बंद होतात याची कल्पना देणाऱ्यालाही नसते. बारावीनंतर एक वाट एनडीएची, म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची. तिथून हवाई दलाच्या तांत्रिक शाखेतही जाता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ही वाट मुलींना खुली झाली. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये तिथून १७ मुली बाहेर पडल्या. दुसरी वाट इंजिनिअरिंगची पदवी घेऊन एएफकॅट ही परीक्षा देण्याची. ती वर्षातून दोनदा होते. तांत्रिक शाखेसाठी वय २० ते २६. लेखी परीक्षेत पास झालेल्यांना निवड मंडळासमोर बोलावतात. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी ही मंडळे आहेत. तिथे मुलाखत होते, मानसशास्त्रीय कसोट्या होतात, आणि गटात माणूस कसा वागतो तेही पाहतात. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. चष्मा असला म्हणून या शाखेचे दार बंद होत नाही, नंबराची मर्यादा ठरलेली असते. निवड झाली की हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुसेना अकादमी आणि बेंगळुरूच्या जलहळ्ळी येथील तांत्रिक महाविद्यालय मिळून साधारण सव्वा ते दीड वर्षाचे प्रशिक्षण असते.

खर्च? प्रशिक्षणाची फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नव्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि इतर भत्ते. पदवी घेता आली नाही, तर अग्निवीर वायू म्हणून भरती होता येते. ती मात्र चार वर्षांची, आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच पुढे कायम ठेवतात, हे समजून उमजून जावे. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी १९७७ पासून सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था आहे, आणि आता नाशिकला मुलींसाठीही अशी संस्था आहे. दहावीच्या मुलांनी या दोन्हींची चौकशी जरूर करावी.

"आपल्याला घेतात का?" हा प्रश्न त्यांनी आवाज खाली आणून विचारला. आम्हीही तो शेकडो वेळा ऐकला आहे. अधिकारी भरतीत कोणत्याही जातीधर्माला राखीव जागा नाहीत. जागा गुणांवर ठरते. एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ हैदराबादचे. फाळणीच्या वेळी त्यांनी भारतीय हवाई दलातच राहायचे ठरवले आणि १९७८ ते १९८१ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते. पुढे ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम रामेश्वरमच्या नाव चालवणाऱ्या घरातले. विमान अभियांत्रिकी शिकताना ते बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये इंजिनांच्या दुरुस्तीचे काम हातांनी करत होते. हवाई दलाच्या निवडीत डेहराडूनला २५ उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला, आणि जागा आठच होत्या. तिथे ते थांबले नाहीत, हे सारे जग जाणते. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती असताना, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केले. त्या दिवशीही त्या विमानाच्या वहीत कोणा तंत्रज्ञाची सही असणारच. इंजिने स्वतः उघडलेल्या त्या माणसाला तिची किंमत नक्की ठाऊक होती.

भेदभाव कुठेच नसतो, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला पदवीनंतर एका ठिकाणी नुसते आडनाव पाहून परत पाठवले होते. पण अर्जच न करणे हे त्यावरचे उत्तर नाही. बंद दारावर डोके आपटू नये, पण उघडे दार बंद आहे असे समजून घरीही बसू नये.

आता अवघड प्रश्न. पहिला लग्नाचा. पंचवीस वर्षांखालील उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि प्रशिक्षणाच्या काळात लग्न करता येत नाही. आपल्याकडे मुलगी एकोणीस-वीसची झाली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. म्हणजे हा निर्णय घराने दहावीतच घ्यायला हवा. 'आधी लग्न, मग बघू' याला इथे जागा नाही. मुलींना या शाखेत काम करता येते का, याचे उत्तर कधीच मिळालेले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये चंदीगडच्या फ्लाइट लेफ्टनंट हिना जयस्वाल हवाई दलातील पहिल्या महिला फ्लाइट इंजिनिअर ठरल्या. त्या मुळात अभियांत्रिकी शाखेतल्याच अधिकारी.

दुसरा प्रश्न दाढीचा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातील एका मुस्लिम जवानाच्या प्रकरणात निकाल दिला. दाढी ठेवल्यावरून त्याला सेवेतून काढले होते, तो निर्णय न्यायालयाने कायम ठेवला. शिस्त आणि एकसारखेपणा यांसाठी तो नियम योग्य मानला. हा विषय आपल्या अनेक घरांना लागतो, म्हणून लपवून उपयोग नाही. ज्याला ही अट मान्य नसेल त्याने दलात जाऊन मग भांडण्यापेक्षा आधीच दुसरी हलाल वाट धरावी. प्रवासी विमानांच्या देखभालीचा परवाना देणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आहेत. काम तेच, अमानतही तीच. मुलींनीही गणवेशाचे नियम अर्ज करण्याआधी नीट वाचावेत. ज्याचा त्याने घरात बसून, मोठ्यांशी आणि जाणत्या आलिमांशी बोलून निर्णय घ्यावा. आम्ही शिक्षक आहोत, फतवा देणारे नाही.

तिसरा प्रश्न त्या मुलीच्या दादीने विचारला. त्यांनी आम्हाला घरी बोलावून चहा पाजला आणि मग म्हणाल्या, "ते विमान बॉम्ब टाकतं. माझ्या नातीनं ते तयार करून द्यायचं?" आम्हाला हा प्रश्न आवडला, कारण तो पगाराचा नव्हता, जमीरचा होता. आम्ही म्हणालो, देशाची सरहद राखणे हेही एक फर्ज आहे. १९९९ मध्ये कारगिलच्या उंच शिखरांवर शत्रू बसला होता, तेव्हा मिराज विमानांवर नवी उपकरणे बसवून ती त्या कामाला तयार करण्यात तंत्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी दिवस-रात्र एक केली. आणि २०१३ मध्ये उत्तराखंडच्या महापुरात, २०१८ मध्ये केरळच्या पुरात हेलिकॉप्टरने माणसे उचलून आणली, तेव्हा ती हेलिकॉप्टरे कोणी तयार ठेवली होती? दादी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तिला सांगा, फज्र चुकवू नको. हात चांगले आहेत तिचे." घरातली परवानगी आम्हाला त्या वाक्यात मिळाली.

त्या मुलीने गणित घेतले, बारावी केली आणि आज ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाट लांब आहे. निवड होईलच असे कोणी सांगू शकत नाही, तिलाही ते ठाऊक आहे. नाही झाली तरी हातात पदवी असेल आणि डोक्यात शिस्त असेल. स्थळे येतात, अब्बा त्यांना सब्र करायला सांगतात. मोहल्ल्यात बोलणारे बोलतात, आणि आतापर्यंत हे घर टिकून राहिले आहे. गॅरेजमध्ये मात्र एक बदल झाला आहे. तिथे आता एक जाड वही आहे. ब्रेकचे काम झाले की करणाऱ्याने त्यात सही करायची आणि दुसऱ्याने चाक फिरवून पाहून खाली सही करायची. पोरे सुरुवातीला कुरकुरली. आता घाटातून जाणारे ट्रकवाले मुद्दाम त्या गॅरेजला थांबतात, असे तिचे अब्बा सांगतात.

वाचक भावा-बहिणींनो, तुमच्या घरात एखादे मूल खेळणे मोडून आतले चाक बघत असेल, पंखा दुरुस्त होताना शिडीला टेकून उभे राहत असेल, तर त्याला हाकलू नका. त्याला गणिताच्या शिक्षकाकडे न्या. ओझर, पुणे, नागपूर ही ठिकाणे आपल्यापासून दूर नाहीत. या शाखेबद्दल मुलांना माहितीच नसेल, तर ती अर्ज कशी करणार? आणि मूल हवाई दलात जावो, गॅरेजात राहो की आमच्यासारखे वर्गात उभे राहो, त्याला सहीची किंमत शिकवा. आम्हीही रोज हजेरीपटावर, निकालपत्रावर सह्या करतो. त्याही गवाहीच आहेत. अल्लाह तआला आपल्या मुलांच्या हातांना हुनर देवो, त्यांच्या सहीला सचोटी देवो, आणि गरज पडेल तिथे नाही म्हणण्याची जिगर देवो. आमीन.